प्रेषितांनंतर कोण? सुरुवात इथून करा

येशूने निवडलेल्या बारा शिष्यांनंतर, म्हणजे प्रेषितांनंतर, ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) धुरा कुणाकडे गेली हे शिकताना पोपांची (रोमच्या बिशपांची) यादी पाठ करण्यापासून सुरुवात केलीत, हीच पहिली चूक. मीही तीच केली होती, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. यादी बाजूला ठेवा आणि आधी बायबलच्या नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडा.

पहिल्या अध्यायात येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदा या प्रेषिताच्या जागी माणूस हवा असतो. योसेफ बर्सबा आणि मत्थिया अशी दोन नावं पुढे येतात, प्रार्थना होते, चिठ्ठ्या टाकतात, मत्थिया निवडला जातो. आता बाराव्या अध्यायावर या. हेरोद राजा जब्दीचा मुलगा याकोब या प्रेषिताला तलवारीने मारतो, पण त्याच्या जागी कुणालाच नेमल्याचं लिहिलेलं नाही! म्हणजे प्रेषितपद हे वारसाहक्काने चालणारं पाटीलपद नव्हतं. या एका फरकावर दोन दिवस घालवलेत तरी चालेल.

नवख्यांच्या आणखी दोन चुका:

- दोन याकोबांची गल्लत. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी झाला तो येशूचा भाऊ याकोब. त्याला सुमारे ६२ साली मारलं.
- ‘वडील’ (मंडळीतले ज्येष्ठ पुढारी) आणि ‘अध्यक्ष’ (पुढे ज्याला बिशप म्हटलं गेलं ते पद) ही पहिल्यापासून वेगळी पदं होती असं धरणं. त्याच पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात धर्मप्रचारक पौल इफिस शहरातल्या मंडळीच्या वडिलांना बोलावतो आणि त्यांनाच अध्यक्ष म्हणतो.

मग रोमच्या मंडळीचा पुढारी क्लेमेंट याचं, रोमहून ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला गेलेलं पत्र वाचा. करिंथकरांनी आपल्या वडिलांना पदावरून काढलं होतं, त्यावरून ही कानउघाडणी आहे. आयरेनियस या दुसऱ्या शतकातल्या बिशपाने दिलेली रोमच्या बिशपांची यादी सुमारे १८० सालची, तिला एवढ्यात हात लावू नका.