आईला एकटीनं कळसूबाई चढायचंय

"आई एकटी कळसूबाईला जायचं म्हणतेय. तिच्या मनात काही भलतंसलतं तर नसेल ना?" धनकवडीहून आलेला एकतीस वर्षांचा मुलगा खुर्चीच्या टोकावर बसून विचारत होता. मी समुपदेशक. पाऊस सरला, डोंगरवाटा मोकळ्या झाल्या की अशी विचारणा माझ्याकडे हमखास येते, म्हणून ही हकीकत लिहिते आहे. दोघांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडिलांना जाऊन दहा महिने झाले होते. आईवडील दोघं वर्षानुवर्षं दर रविवारी आतकरवाडीच्या पायवाटेनं सिंहगड चढायचे. वर मडक्यातलं दही खायचं आणि ऊन चढायच्या आत खाली उतरायचं. ते गेल्यावर आई काही महिने उंबऱ्याबाहेर पडली नाही, मग एकटीच सिंहगडला जाऊ लागली. तेवढं मुलानं कसंबसं चालवून घेतलं. पण कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. वाटेत कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या. आणि आईचं वय ५८.

"तुम्ही तिला नाही म्हणून सांगा," तो म्हणाला. समोर नसलेल्या माणसाबद्दल मी निकाल देत नाही. आईलाच घेऊन या, म्हटलं.

त्या आल्या. निगुतीनं नेसलेली सुती साडी, पायात ट्रेकिंगचे बूट. मुलाचं ऐकून घेतल्यावर मी आडवळण न घेता विचारलं, "जीव द्यावा, संपवून टाकावं, असं मनात येतं का?" मुलगा दचकला. असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत फार खोलवर आहे आणि ती चुकीची आहे. थेट विचारलं की बहुतेकांना हायसं वाटतं, कारण तोवर कुणी विचारलेलंच नसतं.

"आता येत नाही," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला यायचं. तेव्हा झोपेच्या गोळ्यांची पट्टी मी शेजारच्या वहिनींकडे ठेवायला दिली. रोज रात्री एक गोळी त्या आणून द्यायच्या."

मुलाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. तो कितीतरी वेळ जमिनीकडे बघत राहिला. मला मात्र ती पट्टी फार मोलाची वाटली. या बाईनं सगळ्यात वाईट दिवसांतही स्वतःला जपलं होतं, मदत मागितली होती.

मग एकटंच का जायचं? त्या थोडं थांबून म्हणाल्या, "सिंहगडावर हे पुढे, मी मागे. इतकी वर्षं मी यांच्या वेगानं चढले. माझा वेग किती आहे, ते मला माहीतच नाही. आणि बरोबर कुणी असलं की ते वाटेकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात."

एका उत्तरावर मी विसंबले नाही. आणखी दोनदा भेटलो. झोप, भूक, पुढच्या महिन्यांचे बेत याबद्दल बोललो. एखादं माणूस बेत लपवत असेल, जपलेल्या वस्तू वाटून टाकत असेल, निरोप घेतल्यासारखं बोलत असेल, महिनोन्‌महिने खचलेलं असताना एकाएकी शांत झालं असेल, तर मी म्हणेन की त्याला एकटं सोडू नका, डोंगरावर तर नाहीच. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. इथे तसं काही नव्हतं. इथे होती ती मुलाची धास्ती. वर्षभरात एक फोन आला आणि बाप गेला. दुसरा फोन येईल म्हणून तो रात्रीचा जागा असायचा.

अशा धास्तीला "काळजी करू नकोस" म्हणून भागत नाही. तिला काम द्यावं लागतं. म्हणून दोघांनी माझ्यासमोर कागद घेतला. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यायचं. शनिवारी पायथ्याच्या बारी गावात मुक्काम, चढाई रविवारी, कारण त्या दिवशी वाटेवर वर्दळ असते. सकाळी साडेसहाला निघायचं. तासातासाला फोन हवा हा मुलाचा हट्ट आईनं मोडून काढला, डोंगरात रेंजचा भरवसा नसतो. ठरलं ते एवढंच: निघताना एक फोन, उतरल्यावर एक. अकरा वाजता जिथे असेल तिथून मागे फिरायचं. चारपर्यंत फोन आला नाही, तर मुलानं मुक्कामाच्या घरी विचारायचं, तिथेही पत्ता नसेल तर ११२. अकराचा आकडा आईनं स्वतःच्या हातानं लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्या रविवारी दोन वाजता त्यांचा मुलाला फोन आला. "शेवटच्या शिडीपाशी अकरा वाजले. फिरले."

पुढच्या भेटीत मुलगा म्हणाला, "मॅडम, ती वर पोचली असती तर मला इतका धीर आला नसता." आई जानेवारीतली तारीख ठरवत होती, या वेळी साडेपाचला निघायचं म्हणून. मधल्या रविवारी दोघं सिंहगडला जाऊन आले होते. तो तिच्या मागे चालला. ती मध्येच थांबली की तोही थांबायचा, विचारायचा नाही.