डोळा बधिर केल्यावर वर आयोडीन कशाला? ते टाळता येतं का?

आईंना शुगरमुळे डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं, बधिर करूनही मागच्या वेळी तपकिरी औषधाने आग झाली, म्हणून या वेळी ‘ते औषध नको’ म्हणू का, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापुरातच डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. कृपा करून तसं म्हणू नका.

ते पोव्हिडोन आयोडीन, जंतू मारणारं औषध. पापण्यांच्या कडांवर जंतू सगळ्यांच्याच असतात, तोंड कितीही धुतलं तरी. सुईबरोबर ते आत गेले तर डोळ्यात पू होतो आणि नजर जाऊ शकते. असं क्वचितच होतं, पण झालं की फार वाईट. भुलीचा थेंब दुखणं थांबवतो, जंतूंसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. आधीपासून घातलेले अँटिबायोटिकचे थेंबही आयोडीनची जागा घेत नाहीत.

म्हणून दोन्ही लागतात, आणि क्रमाने. आधी प्रोपॅराकेनचा थेंब, अर्ध्या मिनिटात डोळा बधिर होतो. मग पापण्यांना 10 टक्के आयोडीन आणि डोळ्यात 5 टक्के. मोतीबिंदूच्या वेळी आम्ही ते साधारण तीन मिनिटं राहू देतो. भुलीची जेल वापरायची असेल तर आयोडीन त्याच्या आधी जायला हवं. जेलचा थर आधी बसला की औषध जंतूंपर्यंत नीट पोचत नाही. हे माझ्या मते फार महत्त्वाचं आहे.

आग बहुतेक वेळा नंतर होते, भूल उतरल्यावर, कारण आयोडीनने बुबुळाचा वरचा पापुद्रा कोरडा पडतो. तेव्हा सांगायचं ते हे: ‘इंजेक्शन झाल्यावर डोळा सलाईनने नीट धुवा.’ घरी घालायला कृत्रिम अश्रूंचे थेंब चालतील का, तेही विचारा. भुलीचा थेंब मात्र घरी मागू नका, वारंवार घातला तर बुबुळाची जखम भरत नाही.

पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या मावश्या येतात, त्यांना मी तेलुगूत पुन्हा पुन्हा बजावते की तासभर तरी डोळ्याला हात लावू नका. बधिर डोळा चोळला तर खरचटलेलं कळतसुद्धा नाही. आईंनाही हेच सांगा.

मासे सोसत नाहीत म्हणजे आयोडीनची ॲलर्जी, असं नसतं. खरीच ॲलर्जी असेल तर आधी सांगा, डोळ्याला चालेल असं पातळ क्लोरहेक्सिडीन, हे दुसरं जंतुनाशक, वापरता येतं.

साधी आग एक-दोन दिवसांत जाते. दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा दिसणं कमी झालं तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.