शाईचित्र की मसिचित्र?

प्रश्न असा आहे : सोळाव्या शतकातले चिनी वैद्य ली शिझेन यांच्या ‘इंक पोर्ट्रेट’खाली मराठीत काय लिहावं, ‘मसिचित्र’ की ‘शाईतील रेखाचित्र’?

माझं मत ‘शाई’ला. ‘मसि’ अर्थाने चुकीचा नाही, पण आज तो कुणाच्या तोंडी नाही आणि चित्राखालच्या एका ओळीत वाचणाऱ्याला अडखळायला लावू नये. शिवाय ‘शाई’ आली फारसी ‘सियाही’वरून, म्हणजे मुळातच काळेपणा. लाल शाई, निळी शाई म्हणता म्हणता आपण ते विसरलो. चिनी शाईचं नाव ‘मो’. ते लिहिताना वर ‘काळा’ आणि खाली ‘माती’ अशी दोन चिन्हं येतात. तेलाच्या दिव्याची किंवा पाइनच्या लाकडाची काजळी सरसात मळून तिची कांडी करतात. चित्रकार ती दगडावर पाणी घालून उगाळतो, आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी. या काळ्याला ‘शाई’ हाच शब्द शोभतो.

‘रेखाचित्र’ मात्र नको. रेघ असते, पण निम्मं काम पाण्याचं. या चित्रप्रकाराचं चिनी नावच ‘शुइमो’, आणि ‘शुइ’ म्हणजे पाणी. अंगरख्याच्या घडीवरचा एकच फटकारा सुरुवातीला गडद असतो आणि सुटेपर्यंत फिका राखाडी होऊन कागदात मुरतो. ‘रेखा’ म्हटलं की हे मुरणं डोळ्यांसमोर येत नाही.

खरी अडचण ‘पोर्ट्रेट’ची. ली शिझेन (१५१८–१५९३) यांचं समोर बसवून काढलेलं अस्सल चित्र उपलब्धच नाही. आज सगळीकडे दिसणारा चेहरा चिनी चित्रकार जियांग झाओहे यांनी १९५०च्या दशकात रंगवला, तो आपले सासरे शियाओ लोंगयू यांच्यावरून. तेही बीजिंगचे नामवंत वैद्य! १९५५च्या चिनी टपाल तिकिटावरही हाच चेहरा आला. मग ‘व्यक्तिचित्र’ म्हणावं तर ते कुणाचं, जावयाने पाहिलेल्या सासऱ्यांचं की कुणीच न पाहिलेल्या ली शिझेन यांचं? अशा वेळी ‘कल्पनाचित्र’ हा आपला सरळ शब्द आहे. ओळ अशी करा : ‘वैद्य ली शिझेन, कल्पनाचित्र, कागदावर शाई’.

पण ‘काल्पनिक चित्र’ लिहू नका. त्याने वैद्यच काल्पनिक वाटतात, आणि ‘बेन्साओ गांगमू’ या आपल्या औषधीग्रंथात १,८९२ औषधी द्रव्यं नोंदवणारा हा माणूस अगदी खरा होता.