ख्रिस्ती विश्वास ठेवून उत्क्रांती आणि महास्फोट मानता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही सोलापुरात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहात. कॉलेजात पृथ्वीचं वय 454 कोटी वर्षं शिकवतात. मंडळीच्या तरुण संघात मात्र एका पाहुण्या वक्त्यांनी सांगितलं की पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे आणि उत्क्रांती मानणारा खरा ख्रिस्ती नव्हेच. मग दोन्हींपैकी एक सोडावं लागेल का?

नाही. सोडावा लागतो तो फक्त एक हिशेब: चोवीस तासांचे सहा दिवस आणि एकूण सहा हजार वर्षं. तो हिशेब म्हणजे ख्रिस्ती विश्वास नव्हे. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणतो त्या विश्वासाच्या सारांशात, देव आकाश व पृथ्वीचा उत्पन्नकर्ता आहे असं आपण म्हणतो, त्यात किती दिवस आणि किती वर्षं हे कुठेच येत नाही. मात्र या सगळ्यात एक जागा खरोखर अवघड आहे, ती आदामाची. बहुतेक लोक डायनासोरवर भांडत बसतात आणि तिथे पोचतच नाहीत.

आधी सहा हजारांचा आकडा. तो बायबलमध्ये लिहिलेला नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 साली वंशावळींतली वयं आणि राजांच्या कारकिर्दी यांची बेरीज करून सृष्टीच्या निर्मितीचं वर्ष इ.स.पू. 4004 काढलं. माणूस विद्वान होता आणि त्या काळी उपलब्ध साधनांत त्यांनी प्रामाणिक काम केलं. पण बायबलमधल्या वंशावळी पिढ्या गाळतात. मत्तय 1:8 मध्ये योरामानंतर थेट उज्जिया येतो, मधले तीन राजे वगळलेले आहेत. अशा यादीची बेरीज करून पृथ्वीचं वय निघत नाही.

आता तुमच्या पायाखालचा पुरावा बघा. सोलापूर जिल्हा दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे. विहीर खणताना आधी काळी माती, मग मुरूम आणि खाली काळा पाषाण लागतो. तो पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. एखाद्या खाणीत किंवा रस्त्याच्या कापात लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये लालसर मातीचा पट्टा दिसला तर थांबून बघा. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला लाल बोल म्हणतात. खालचा लाव्हा किंवा त्यावर पडलेली राख उघड्यावर हवा-पाण्याने कुजल्यावर तो तयार होतो आणि त्यानंतर वरचा लाव्हा येऊन बसतो. दख्खनमध्ये काही ठिकाणी दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्मही सापडतात. म्हणजे लाव्हा आला, थंड झाला, तळं साचलं, त्यात जीव वाढले आणि मग पुन्हा लाव्हा आला. नोहाच्या जलप्रलयाच्या एका वर्षात हे बसत नाही. शिवाय पाण्याखाली थिजणाऱ्या लाव्ह्याचे उशीसारखे गोळे बनतात, आणि दख्खनमध्ये ते क्वचितच दिसतात.

वय कसं मोजतात हे नीट समजून घ्या, कारण पृथ्वी तरुण आहे सांगणाऱ्या व्हिडिओंमधले आक्षेप इथेच घसरतात. किरणोत्सारी पोटॅशियम-40 चा अर्धायुकाल, म्हणजे त्यातलं निम्मं उरायला लागणारा काळ, 125 कोटी वर्षं आहे. त्यापासून बनणारा अरगॉन वायू असतो, तो वितळलेल्या लाव्ह्यातून निसटतो आणि खडक थिजल्यावर आत साठू लागतो. झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकात तर दोन घड्याळं एकदम चालतात. युरेनियम-238 चा अर्धायुकाल 447 कोटी वर्षं, युरेनियम-235 चा 70 कोटी. झिरकॉन बनताना युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळपास घेतच नाही, म्हणून आत सापडणारं शिसं नंतर तयार झालेलं असतं. दोन घड्याळांची उत्तरं जुळली तरच ते वय धरतात. स्फटिकातून शिसं निसटलेलं असेल तर उत्तरं जुळत नाहीत आणि गडबड तिथेच उघडी पडते.

नेहमीचे आक्षेप दोन. पहिला: कार्बन-14 ने डायनासोरचं वय चुकीचं येतं. येणारच. त्याचा अर्धायुकाल 5,730 वर्षं, त्यामुळे सुमारे 50,000 वर्षांपलीकडे मोजण्यासारखं काही उरत नाही. डायनासोरसाठी ती पद्धत कुणी जाणकार वापरत नाही. दुसरा: नुकत्याच थिजलेल्या लाव्ह्याचं वय लाखो वर्षं आलं. तेही घडतं. ताज्या खडकात अरगॉन इतका कमी असतो की आधीपासून अडकलेला थोडासा वायूसुद्धा उत्तर बिघडवतो. पण 6 कोटी वर्षांच्या खडकात तेवढ्या चुकीने फारसं काही बदलत नाही.

मग कुणी म्हणतं की पूर्वी किरणोत्सार वेगाने होत होता. हिशेब करा: 454 कोटी वर्षं सहा हजारांत बसवायची तर वेग साडेसात लाख पटींनी वाढवावा लागतो. तेवढ्या उष्णतेने पृथ्वीच वितळली असती.

आकाशाचं उदाहरण एका वाक्यात: नोव्हेंबरच्या शेवटी रात्री आठच्या सुमारास नान्नजच्या बाजूच्या अंधाऱ्या माळावरून डोक्यावर जरा उत्तरेला देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका दिसतो, आणि तो प्रकाश तिथून 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. देवाने प्रकाश वाटेतच निर्माण केला असं म्हटलं, तर न घडलेल्या गोष्टींची चित्रं तो आपल्याला दाखवतो असं मानावं लागेल. सत्याच्या देवाबद्दल असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचं काय? वहीत दोन रकाने करा. एकात पहिला अध्याय: तिसऱ्या दिवशी वनस्पती, चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र-तारे, पाचव्या दिवशी जलचर व पक्षी, सहाव्या दिवशी पशू आणि मग नर-नारी. दुसऱ्यात अध्याय 2: वचन 5 मध्ये अजून झाडझुडूप नाही, 7 मध्ये मनुष्य, 9 मध्ये झाडं, 19 मध्ये पशुपक्षी, 22 मध्ये स्त्री. क्रम वेगळा आहे. ज्यांनी हे दोन अध्याय शेजारी ठेवले त्यांना तो दिसत होताच, तरी त्यांनी ते तसेच ठेवले, कारण घड्याळाचा क्रम सांगणं हा त्यांचा हेतू नव्हता. पहिल्या तीन दिवसांत देव जागा वेगळ्या करतो आणि पुढच्या तीन दिवसांत त्या भरतो. ज्या सूर्य-चंद्रांना आजूबाजूची राष्ट्रं पूजत होती, ते इथे देवाने टांगलेले दिवे आहेत. हा त्या अध्यायाचा मुद्दा आहे, आणि तो कोणत्याही दुर्बिणीने खोटा ठरत नाही.

असं वाचन म्हणजे डार्विनला घाबरून काढलेली पळवाट, असं वक्ते म्हणाले असतील. इतिहास वेगळं सांगतो. सूर्याशिवाय पहिले तीन दिवस कसे मोजायचे, हा प्रश्न ओरिजेन या आद्य ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकातच विचारला होता. संत ऑगस्टीन (354–430) यांनी सृष्टी एकाच क्षणी झाली आणि हे दिवस नेहमीचे दिवस नव्हेत असं मानलं. ख्रिस्ती माणूस निसर्गाबद्दल अज्ञानाने ठासून बोलला तर ऐकणारा पुनरुत्थानावर तरी का विश्वास ठेवेल, अशी ताकीदही त्यांनी दिली. डार्विनचा ग्रंथ 1859 चा.

पण उलट्या बाजूची चूकही करू नका. काही जण एकेक दिवस म्हणजे एकेक युग असं धरून विज्ञान आणि उत्पत्ती जुळवतात. ते टिकत नाही: वनस्पती सूर्याच्या आधी येतात, आणि पक्षी जमिनीवरच्या प्राण्यांच्या आधी. जीवाश्मांत याच्या उलट आहे. महास्फोटाला, म्हणजे विश्व अतिउष्ण, दाट अवस्थेतून प्रसरण पावत आलं या सिद्धांताला, ‘प्रकाश होवो’ म्हणण्याचा मोहही आवरा. विश्व प्रसरण पावतंय हे 1927 मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. 1951 मध्ये पोप पायस बारावे यांनी या सिद्धांताला निर्मितीच्या पुराव्यासारखं मांडलं, तेव्हा लमेत्र यांना ते रुचलं नाही. देवावरचा विश्वास एखाद्या सिद्धांतावर टांगला, तर सिद्धांत बदलताच तोही खाली येतो. पहिली पेशी कशी बनली हे आज सुटलेलं नाही, पण तिथेही देवाला फट बुजवायला बसवू नका.

उत्क्रांतीचा पुरावा आता फक्त हाडांवर उभा नाही. माणसात 46 गुणसूत्रं, चिंपँझीत 48. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र दोन जोडून बनलेलं आहे: टोकाला असायला हवी ती रचना त्याच्या मध्यभागी सापडते आणि दुसऱ्या गुणसूत्रबिंदूचे (एका गुणसूत्रात तो एकच असतो) अवशेषही. क जीवनसत्त्व बनवणारं जनुक आपल्यात मोडलेलं आहे, चिंपँझी आणि गोरिलातही मोडलेलंच आहे. हे सगळं वाचून ख्रिस्ती राहिलेली माणसं आहेत. मानवी जनुकसंच प्रकल्पाचे माजी प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स त्यांतलेच एक.

इथे माझं म्हणणं स्तोत्र 139 वर उभं आहे. देवाने मला आईच्या उदरात घडवलं असं स्तोत्रकर्ता म्हणतो. त्यासाठी भ्रूणशास्त्र खोटं आहे असं कुणी ख्रिस्ती म्हणत नाही. नऊ महिन्यांच्या नैसर्गिक क्रियेतून देव एक माणूस घडवू शकतो, तर कोट्यवधी वर्षांच्या क्रियेतून सगळी जीवसृष्टी का नाही? उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांतला बदल, यादृच्छिक असतं याचा जीवशास्त्रातला अर्थ इतकाच की ते जीवाच्या गरजेप्रमाणे घडत नाही. त्यामागे काही हेतू नाही, असं कोणतंही उपकरण मोजत नाही. तसं सांगणारे प्राध्यापक त्या क्षणी विज्ञानाच्या बाहेर बोलत असतात.

आता आदाम. रोमकरांस पत्र 5:12–19 मध्ये पौल एका माणसाच्या, आदामाच्या, अपराधाला एका माणसाच्या, ख्रिस्ताच्या, नीतिमत्त्वासमोर ठेवतो. उलट, मानवी जनुकांतली विविधता सांगते की गेल्या काही लाख वर्षांत आपले पूर्वज हजारांच्या संख्येने होते, कधीच फक्त दोन नव्हते. मार्ग तीन दिसतात. आदाम म्हणजे सगळी मानवजात, ही पहिली मांडणी. ती सोपी आहे, पण पौलाचं ‘एक माणूस’ त्यात सैल होतं. दुसरी, अनेक माणसांतून देवाने निवडलेला प्रतिनिधी, जसा पुढे अब्राहाम निवडला. तिसरी, आदाम-हव्वा खरे होते, आज जिवंत असलेल्या सगळ्यांच्या वंशवेलीत ते येतात, पण ते एकटेच पूर्वज नव्हेत. मला दुसरी सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण पौलाचा युक्तिवाद प्रतिनिधित्वाचाच आहे: ख्रिस्तही आपला जैविक पूर्वज नाही. कॅथलिक असाल तर पोप पायस बारावे यांचं 1950 चं परिपत्रक ‘ह्युमानी जेनेरिस’ लक्षात ठेवा: शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधनाला मोकळीक, आत्मा थेट देवाकडून, आणि अनेक आदिपालकांची कल्पना स्वीकारायला मात्र मोकळीक नाही.

पतनाआधी, म्हणजे आदामाच्या पापाआधी, मृत्यू कसा, हा पुढचा आक्षेप. रोम 5:12 मरण सर्व माणसांमध्ये पसरल्याचं सांगतं, सिंहांबद्दल बोलत नाही. स्तोत्र 104:21 मध्ये तर सिंहाचे छावे देवाजवळ आपलं भक्ष्य मागतात. तरीही प्राण्यांच्या वेदनांचा प्रश्न संपत नाही. 1860 मध्ये डार्विनने आसा ग्रे या ख्रिस्ती वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलं की जिवंत अळ्यांना आतून खाणारी गांधीलमाशी दयाळू देवाने मुद्दाम बनवली असेल हे त्याला पटत नाही. ग्रे यांचा विश्वास टिकला, पण तो प्रश्न खरा होता आणि आजही आहे. रोम 8:22 मधली कण्हणारी सृष्टी आणि वधस्तंभावर स्वतः दुःख सोसणारा देव, याहून दुसरं उत्तर माझ्यापाशी नाही.

परीक्षेत प्रश्न आला तर पुरावे आणि यंत्रणा नेमकी लिहा, त्यात विश्वासाची तडजोड होत नाही. तरुण संघात मात्र डायनासोरपासून सुरुवात करू नका. पाळकांना वेगळे भेटा, त्यांना अगोदर सांगून वेळ घ्या आणि दोन रकान्यांची वही सोबत न्या. उत्पत्ती 1 आणि 2 शेजारी वाचा, मग स्तोत्र 104, मग रोम 5. पाळक सहा हजार वर्षंच मानत असतील तर वक्त्यांचं ‘खरा ख्रिस्ती नव्हेच’ हे वाक्य त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा: पृथ्वी जुनी मानणाऱ्याला आपल्या मंडळीत प्रभुभोजन घेता येतं का?