वाचकांचे प्रश्न : केंब्रिजची ताडपत्री पोथी

प्रश्न : मी बौद्ध अध्ययनाची विद्यार्थिनी आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातील मध्ययुगीन पोथ्या तिथे न जाता अभ्यासता येतील का?

उत्तर : निश्चित येतील, आणि सुरुवात ‘अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमिता’ या महायान ग्रंथाच्या, इ. स. 1015 मध्ये नेपाळात लिहिलेल्या पोथीपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. ग्रंथालयात तिची नोंद ‘अॅड. 1643’ अशी असून केंब्रिज डिजिटल लायब्ररीच्या संकेतस्थळावर तिची छायाचित्रे विनामूल्य पाहता येतात. चित्र मोठे करून बघा: लांबट, अरुंद ताडपत्र, दोरा ओवण्यासाठी पाडलेली भोके, त्यांच्याभोवती लेखकाने काळजीपूर्वक मोकळी सोडलेली जागा, आणि ओळींच्या मध्येच रंगवलेली इवलीशी चित्रे. त्या चित्रांलगत देवतेचे व स्थळाचे नाव लिहिलेले असते. काही ठिकाणी तर चक्क कोकणाचे नाव येते, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरील लोकनाथाची (म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची) कीर्ती तेव्हा काठमांडूच्या खोऱ्यापर्यंत पोहोचली होती. मराठी अभ्यासकाने या नोंदींकडे दुर्लक्ष करू नये, असे मला मनापासून वाटते.

केंब्रिजमधल्या अनेक नेपाळी पोथ्या काठमांडूच्या ब्रिटिश रेसिडेन्सीतील डॉक्टर डॅनिएल राइट यांनी 1870 च्या दशकात मिळवल्या. या ग्रंथालयातील बौद्ध संस्कृत पोथ्यांची सेसिल बेंडॉल यांनी केलेली 1883 ची सूची आजही उपयोगी पडते. ‘अॅड. 1643’ची लिपी मात्र देवनागरी नाही, त्यामुळे छापील संस्कृत संहिता शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवत वाचावी.