गावच्या मंडळाचे पैसे सेंद्रिय शेतीसाठी द्यायचे आहेत, ते कशावर खर्च करावेत?

तुम्ही विचारलंय की देवगडकडच्या तुमच्या गावच्या मुंबई मंडळाकडे थोडी रक्कम जमली आहे, तर तिची सेंद्रिय खतं-औषधं घेऊन घरोघर वाटावीत का. मी देवगड तालुक्यातच राहते, आंब्याची कलमं आणि थोडं भात करते. माझं म्हणणं, वाटू नका. ते पैसे बागेतल्या प्रयोगाला आणि माणसं शिकण्याला द्या, आणि निदान तीन वर्षं द्या.

वाटपाचं काय होतं ते आमच्या वाडीत पाहिलंय. एका संस्थेने घरटी एक निळा ड्रम आणि जीवामृताची कृती छापलेला कागद दिला: दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. पण कातळावर आणि कोकणच्या पावसात ते कधी घालायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. आम्ही आषाढात घातलं. रात्री असा कोसळला की सकाळी कलमांच्या बुंध्याला नुसता जांभा उघडा पडलेला, घातलेलं सगळं व्हाळात. आता गुरंही तीनच घरांत उरली आहेत, शेण विकत आणावं लागतं. दुसऱ्या वर्षी कोणीच केलं नाही. लोक आळशी नव्हते, त्यांना आपल्या मातीचं उत्तर मिळालं नव्हतं.

हापूसचा खरा पेच वेगळाच आहे. हापूस मुळात वर्षाआड धरणारा. दरवर्षी धरावा म्हणून पावसाळ्यात बुंध्याभोवती खड्डे घेऊन कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल हे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं रसायन, ओततात. सेंद्रियमध्ये ते चालत नाही. बंद केलं की पुढची दोन-तीन वर्षं झाड कसं वागेल, छाटणीने किती सावरेल, गिरीपुष्पाचा पाला आणि राख किती घालावी, याची उत्तरं प्रत्येक बागेत करूनच बघावी लागतात. आणि ज्याच्या घरचं वर्ष आंब्यावर चालतं तो असा प्रयोग स्वतःच्या पैशाने कसा करेल? तुमच्या पैशाची गरज इथे आहे.

पाच-सहा बागायतदार तयार करा. ज्याची चाळीस कलमं त्याने वीस नेहमीसारखी ठेवावीत, वीस सेंद्रिय करावीत. वही ठेवायची: मोहोर कधी आला, फवारणी किती, फळं किती डझन, डाग किती, पैसे किती. सेंद्रिय वीस कलमांचं उत्पन्न कमी आलं तर फरक मंडळाने भरून द्यायचा. ही हमी लेखी द्या. आमच्या भागात माणसं मागे सरतात ती नुकसानीच्या भीतीने. झाडांना सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी तीन वर्षांचा रूपांतराचा काळ धरतात, म्हणून एका वर्षाची देणगी अर्ध्यावर सोडल्यासारखी होते.

संशोधन म्हणजे मोठी प्रयोगशाळाच हवी असं नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा बघा. फळमाशीचे नर मिथाइल युजेनॉलच्या वासाला येऊन त्यात अडकतात. हेक्टरी चार सापळे लावायचे, फळावर औषधाचा थेंबही पडत नाही. असं उत्तर तुडतुड्याला आणि फुलकिड्याला मिळावं, तर बागेत रोज डोळे लावून बसणारी माणसं हवीत.

म्हणून दुसरा खर्च शेतीशाळेचा. आमच्याकडे एका हंगामात ती झाली. दर आठवड्याला बारा-पंधरा बायका खळ्यात जमायच्या, मग कलमांत जायच्या. मोहोराखाली पांढरा कागद धरायचा, तुऱ्याला हलकी टिचकी मारायची, पडलेले किडे मोजायचे. एकदा कागदावर काळसर, काटेरी अळी पडली. शेजारची काकी चिरडणार, तेवढ्यात शिकवणारी म्हणाली, ही ढालकिड्याची अळी, ही किडींना खाते. काकी कागदाकडे बघतच राहिली. "मगे इतकी वर्सा आपण हेंका कित्याक मारला?" त्या वर्षी तिने घरात सांगून ठेवलं, मोजल्याशिवाय पंप काढायचा नाही.

या शाळांची सुरुवात १९८९ च्या सुमारास इंडोनेशियात, भातावर झाली. अति फवारणीने कोळी आणि मित्रकिडे मेले, तुडतुडे माजले. सरकारने १९८६ साली भातावरची ५७ कीटकनाशकं बंद केली, औषधांवरचं अनुदान हळूहळू काढून घेतलं आणि शेतकऱ्यांच्या शिकण्यावर भर दिला. तुमच्या मंडळापुढे लहान प्रमाणात तोच प्रश्न आहे: पैसा खतं-औषधांवर घालायचा की शिकण्यावर.

शिकवायला कृषी पदविका झालेली एखादी मुलगी किंवा मुलगा पगारावर ठेवा, आणि मोहोरापासून काढणीपर्यंत ठेवा. कृषी महाविद्यालयाची मुलं कार्यानुभवासाठी पावसाळ्यात गावात येतात, भात नीट बघतात, पण मोहोर येतो तेव्हा ती परत गेलेली असतात. वर्ग दुपारी तीननंतर ठेवा, नाहीतर बायका येऊ शकणार नाहीत.

गटाच्या पीजीएस प्रमाणपत्रावर, म्हणजे शेतकऱ्यांनी एकमेकांची शेतं तपासून मिळणाऱ्या सेंद्रिय प्रमाणपत्रावर, मंडळाचा पैसा घालू नका. त्यासाठी २०१५-१६ पासून परंपरागत कृषी विकास योजना आहे, तालुका कृषी कार्यालयात विचारा.

गणपतीला गावी याल तेव्हा आरतीनंतर बागायतदारांना बसवून वीस-वीस कलमांचं ठरवून टाका. मातीचे नमुने पाऊस ओसरल्यावर घ्या. रामेश्वरचं आंबा संशोधन उपकेंद्र तुम्हाला जवळ आहे. किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रातही जाऊन या, आणि जाताना दोन बागायतदार सोबत घ्या. त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.