नवीन डीपी रस्त्यावर फुटपाथ आणि सायकल मार्ग नीट व्हावेत म्हणून रहिवाशांनी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या उपनगरात तुमच्या भागातला 24 मीटर रुंदीचा डीपी रस्ता, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात दाखवलेला रस्ता, आता होणार आहे, त्यावर शाळा, भाजी मंडई आणि पीएमपी बसचा थांबा आहे, आणि तुम्ही काही जण मिळून महापालिकेला 'आम्हाला सायकल ट्रॅक हवा' असं निवेदन देणार आहात. निवेदन जरूर द्या, पण मजकूर बदला. शाळेपासून मंडईपर्यंत आणि मंडईपासून बसथांब्यापर्यंत कुठेही न तुटणारी वाट मागा, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी.

मी इंजिनिअर नाही. आमच्या प्रभागात फुटपाथांच्या कामाचा पाठपुरावा बरीच वर्षं करतोय, त्यातून जे कळलं ते सांगतो.

पुण्याला सायकल ट्रॅक नवे नाहीत. 2006 च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, सुरू झाली तेव्हापासून सातारा रस्ता आणि सोलापूर रस्त्याच्या कडेने ट्रॅक झाले. 2017 च्या अखेरीस पालिकेने सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला, त्यात 800 किलोमीटरहून अधिक लांबीचं जाळं दाखवलेलं आहे. लांबीची चणचण कधीच नव्हती. सायकलवाला ट्रॅक सोडून रस्त्यावरून का जातो, ते एकदा त्याच्या मागे जाऊन बघा. दोनशे मीटरवर बसथांबा ट्रॅकच्या मधोमध येतो. पुढे महावितरणचा फीडर पिलर, म्हणजे विजेची उभी पेटी. मग एखाद्या दुकानापुढे लावलेल्या दुचाकी. आणि चौक आला की ट्रॅक संपतोच. सायकलवाल्याला खरा धोका चौकात असतो, आणि नेमकं तिथेच त्याला वाऱ्यावर सोडलेलं असतं. असं दर दोन मिनिटांनी उतरून चढायला लागलं तर कुणीही ट्रॅकचा नाद सोडेल.

फुटपाथाचंही तेच. आमच्याकडच्या एका रस्त्याचं सांगतो. रुंदी चांगली होती, फरशी नवी होती, तरी संध्याकाळी सगळे रस्त्याच्या कडेनेच चालायचे. एकदा मोजपट्टी घेऊन गेलो, तर फुटपाथाची उंची फूटभर निघाली. शिवाय दर सोसायटीच्या गेटपाशी गाड्या आत जाव्यात म्हणून फुटपाथ तोडून उतार केलेला. एक आजी मंडईतून यायच्या, दोन्ही हातांत पिशव्या. त्यांना प्रत्येक गेटला उतरायचं आणि पुन्हा फूटभर चढायचं. त्या पहिल्या गेटलाच खाली उतरायच्या आणि घरापर्यंत रिक्षा-दुचाकींच्या गर्दीतून चालायच्या. लोक फुटपाथ वापरतच नाहीत, असं मला संबंधित कार्यालयात ऐकवलं गेलं. तो फुटपाथ वापरण्याजोगा नव्हताच.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 103 या मार्गदर्शक सूचना नेमक्या याच गोष्टींसाठी आहेत. फुटपाथाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा जास्त नको. निवासी भागात चालायची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर, बाजाराच्या भागात 2.5 मीटर. मोकळी म्हणजे खरंच मोकळी. झाड, दिव्याचा खांब, बाक, विजेची पेटी हे सगळं त्या 1.8 च्या बाहेर, रस्त्याकडेच्या वेगळ्या पट्टीत. निविदेत मात्र एकूण रुंदी लिहिलेली असते, खांब-झाडं वजा केली की हाती मीटरभरही उरत नाही. म्हणून निवेदनात 'मोकळी रुंदी' हाच शब्द वापरा. गेटपाशी फुटपाथ खाली आणू नका, तो त्याच उंचीवर सलग न्या आणि गाडीला छोट्या उतारावरून चढून जाऊ द्या, हेही लिहा. गेट कोणाचंही असो, तिथून आधी माणूस जाणार आणि गाडी थांबणार, हे त्या चढावरून गाडीवाल्याला आपोआप कळतं.

आता तुमच्या 24 मीटरचं गणित. दोन्हीकडे अडीच-अडीच मीटर फुटपाथ, म्हणजे पाच. दोन्हीकडे दोन-दोन मीटर सायकल मार्ग, चार. सायकल आणि गाड्यांमध्ये अर्धा-अर्धा मीटरची कठड्याची पट्टी, एक. झाले दहा. उरले चौदा. त्यात दुभाजक आणि प्रत्येक बाजूला दोन लेन व्यवस्थित बसतात. बसत नाही ते पार्किंग. ही गोष्ट पहिल्याच बैठकीत उघडपणे बोलून घ्या, कारण काम मंजूर झाल्यावर वाद पेटतो तो पार्किंगवरूनच, आणि तेव्हा बळी फुटपाथाचा जातो. दुकानदारांना टाळू नका. मालाच्या टेम्पोला कुठे आणि कोणत्या वेळात थांबायचं ते त्यांच्याशी बसून ठरवा; त्यांची बहुतेक गिऱ्हाइकं चालत येणारी आहेत हे त्यांनाही ठाऊक असतं, पण आधी कुणीतरी त्यांना विचारायला हवं.

आतल्या नऊ-बारा मीटरच्या रस्त्यांवर वेगळा सायकल मार्ग मागूच नका. जागा नाही आणि गरजही नाही. तिथे गाड्यांचा वेग ताशी 30 च्या आत आणला की सायकल सगळ्यांबरोबर सुखाने चालते. मोठ्या रस्त्यावर मात्र वेगळेपण लागतंच. मोटारीचा वेग ताशी 50 वरून 65 किलोमीटरवर गेला की धडकेत पादचारी दगावण्याचा धोका साडेचार पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या गुळगुळीत नव्या डीपी रस्त्यावर रात्री साडेनऊनंतर 65 हा वेग काहीच नाही.

त्यामुळे आराखडा हातात आला की आधी चौक बघा. कोपऱ्याची गोलाई मोठी ठेवली असेल तर डावीकडे वळणारी गाडी वेग कमी करतच नाही. ती गोलाई लहान करून घ्या. शाळेसमोरचं क्रॉसिंग फुटपाथाच्या उंचीचं करायला सांगा, म्हणजे मुलं सपाट चालत पलीकडे जातात आणि गाडीला चढून उतरावं लागतं. दुभाजकात थांबायला बाबागाडी मावेल एवढी जागा हवी, कारण चार लेन एका दमात ओलांडणं म्हाताऱ्या माणसाला जमत नाही. झेब्राचे नुसते पट्टे पहिल्या पावसाळ्यात पुसट होतात, त्यावर समाधान मानू नका.

फेरीवाल्यांबद्दल एक कळकळीची विनंती आहे. 'फुटपाथ मोकळे करा' या निवेदनाचा शेवट अतिक्रमण विभागाच्या गाडीत होऊ देऊ नका. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने त्यांना संरक्षण दिलंय आणि जागा ठरवायची रीतही घालून दिली आहे. मंडईबाहेर भाजीवाल्या बसणारच. त्यांच्यासाठी झाडांच्या पट्टीलगत आखून जागा ठेवली तर चालायची वाट मोकळी राहते, आणि त्यांच्या असण्याने रात्री तो रस्ता बायकांना सुरक्षितही वाटतो.

आराखड्याआधी एक काम तुम्हालाच करावं लागेल, ते म्हणजे मोजणी. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ, दोन-तीन जागी उभं राहून किती माणसं चालत गेली, किती सायकली गेल्या, कुठून कुठे ओलांडलं हे लिहा. एक साधा दिवस आणि एक बाजाराचा दिवस पुरे. सायकल म्हटलं की बैठकीतल्या लोकांच्या डोळ्यांसमोर रविवारी पहाटे हेल्मेट घालून निघणारे येतात. मोजायला उभं राहिलात की दिसतील ते वॉचमन, बांधकामावर जाणारे, घरकाम करणाऱ्या बायका, शाळेची मुलं. यांतलं कुणी वॉर्ड ऑफिसच्या बैठकीला येत नाही. तुमच्या कागदातले आकडे हीच त्यांची हजेरी. मुंबईत पवई तलावाकाठी सायकल ट्रॅकचं काम निघालं होतं, ते उच्च न्यायालयाने 2022 मध्ये बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करायला सांगितली. असा तलावाकाठी फिरण्यापुरता ट्रॅक नको, तो हवा रोजच्या ये-जा करण्याच्या वाटेवर.

पैशांचं आणि कागदपत्रांचं थोडक्यात. मोठा रस्ता पथ विभागाकडे असतो, आतली छोटी कामं क्षेत्रीय कार्यालयाकडे. पुणे महापालिका 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास अर्ज निघतात. तुटलेला उतार, उंचवट्याचं क्रॉसिंग, दिवा अशी कामं त्यात बसतात, तिथे अर्ज भराच. मोठ्या रस्त्यासाठी मात्र निविदा निघण्याच्या आधी आराखडा बघायला मागा. दाखवला नाही तर माहिती अधिकारात मागा. निविदा निघाल्यावर फारसं काही बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी अडथळाविरहित, वापरण्याजोगा पदपथ हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलंय. ते एका वाक्यात नमूद करा, टेबलापलीकडचा सूर बदलतो.

कनिष्ठ अभियंत्यांना एकदा तुमच्याबरोबर पूर्ण वाट चालायला बोलवा, जमल्यास प्रभागातल्या एखाद्या व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीसोबत. भांडायला नको, फक्त चालायला. त्या वाटेवर जी अडचण पंधरा मिनिटांत कळते ती दहा पत्रांतून कळत नाही. आमच्याकडे गेटपाशी फुटपाथ सलग करायचं मान्य झालं ते अशाच एका फेरीत.

काम सुरू झालं की फोटो काढत राहा, विशेषतः चेंबरची झाकणं फुटपाथाच्या पातळीत बसतात का आणि झाडांच्या बुंध्याभोवती माती मोकळी सोडलीय का ते बघा. ठेकेदाराचा डीएलपी, म्हणजे दोषदायित्वाचा काळ, किती आहे ते निविदेतून काढून ठेवा. त्या मुदतीत उखडलेला पेव्हर ब्लॉक त्याने स्वखर्चाने बसवायचा असतो, पण त्यासाठी तक्रार लेखी आणि मुदतीच्या आत गेलेली असावी लागते. सोसायट्यांच्या ग्रुपवर ती तारीख आत्ताच टाकून ठेवा.